सतरा नंबरची चिठ्ठी

कळंब,
बुधवार, २२ मे

प्रिय शिवांजली,

गेल्या गुरुवारी दुपारी तू बेंबळीच्या तुमच्या ओट्यावर पाठमोरी होऊन चिठ्ठीवर खूण केलीस आणि पेटीत टाकलीस, तिथनं माझं सगळं बदललं.

कशी आहेस? प्लास्टर किती दिवस ठेवायला सांगितलंय? तुझा मोबाईल तुझ्या दादानं, बसवेशनं फोडला, म्हणून पत्र. वाशीला गंगम्मा आत्यांच्या पत्त्यावर टाकतोय, त्यांनी आधी वाचलं तरी चालेल. इकडं ऊन मरणाचं आहे. मतदानानंतरच्या सर्व्हेचं आमचं काम बंद पडलं. मी बरा आहे. उजव्या हाताची बोटं सुजलीत, तेवढंच.

सर्व्हेला माझ्या जोडीला असलेल्या उत्कर्षला मी मारलं हे तुला कळलं असेल. आम्ही उतरलो होतो त्या शाळेच्या खोलीत, शनिवारी सकाळी. हेल्मेटनं, तोंडावर. दोन दात फरशीवर पडले ते मी बघितले आणि तरी परत मारलं. मग बसवेशच्या पोरांनी लाथा घातल्या. बरगडी मोडली तेव्हा ओल्या फांदीसारखा आवाज आला. मला वाटलं, तुला बरं वाटेल. तुझ्यासाठी कुणीतरी कुणाचं रक्त काढलं.

गुरुवारची दुपार आठवते का? तू मुद्दाम सरकारी माणसाशी बोलतात तसं बोलत होतीस.

"वय किती?"

"तुम्हाला ठावं हाय की, सायेब."

"शिक्षण?"

"बी.ए. तिसरं वर्ष. काही लोक दुसऱ्यातच पळाले."

"मत देताना कुणाचं ऐकता?"

"लिहा, स्वतःचं."

चन्नम्मा मावशी पाणी घेऊन आल्या, तर तूच म्हणालीस, "आई, आत जा, एकटीलाच विचारायचं असतंय." मत कुणाला दिलं ते तोंडानं विचारायचं नाही, चिन्हांच्या चिठ्ठीवर ज्याची त्यानं खूण करायची, घडी घालून पेटीत टाकायची. तू विचारलंस, "कुणाला कळतं का?" मी म्हणालो, "देवालाबी न्हाय."

ते खोटं होतं. चिठ्ठीच्या मागं फॉर्मचा नंबर असतो. तुझा सतरा. पेटी ऑफिसातच उघडायची, आम्ही हात लावायचा नाही, हे ट्रेनिंगमध्ये तीनदा सांगितलं होतं.

आणखी एक. यादीत तुझं नाव उत्कर्षच्या वाट्याला आलं होतं. मीच त्याच्याकडनं मागून घेतलं. तो हसला, म्हणाला, "जा योग्या, तुझं लग्न लागू दे."

दोन वर्षं तू मला हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. त्या संध्याकाळी उत्कर्ष आंघोळीला गेला, पेटी माझ्या मांडीवर होती, आणि आत तुझ्या मनातलं काहीतरी खरं पडलं होतं. मी पेटीची पट्टी ब्लेडनं कापली. कुणाला दिलंस ते इथंही लिहीत नाही. तुझ्या दादानं गावभर ज्याचे झेंडे लावले त्याला नाही, एवढंच.

मी कुणालाच सांगणार नव्हतो, शिवा. आईशप्पथ.

शुक्रवारी स्टँडजवळच्या हॉटेलात बसवेशचे दोस्त बसले होते. एक जण म्हणाला, "बसवेशच्या घरची पाच मतं म्हणजे पाचच. एकबी फुटणार न्हाय." दुसरा म्हणाला, "बायकांना इचारतंय कोण? दादानं बोट दाखवलं की बटन." तुझ्याबद्दल असं बोलले. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "चारच धरा."

बस्स. दोनच शब्द. ग्लास ठेवला आणि निघून आलो. छाती फुगली होती माझी, जसं काही मीच तुझ्या बाजूनं लढून आलोय.

त्या रात्री बसवेशनं घरातल्या सगळ्यांना विचारलं, आणि तू एकटीच खोटं बोलली नाहीस. दुकानातलं दोन किलोचं लोखंडी वजन त्यानं तुझ्या हातावर घातलं. तीनदा, असं म्हणतात.

हॉटेलातल्यांना आमची नावं माहीत नव्हती, आणि त्यातलं कुणी शनिवारी बसवेशबरोबर आलं नव्हतं. दोघांच्याही गळ्यात तेच ओळखपत्र, पाठीला तीच निळी बॅग. शनिवारी बसवेश खोलीत शिरला, म्हणाला, "दोघांतलं कोण बोललं?" मी बोललो, "त्या घराची यादी उत्कर्षची होती." उत्कर्षनं तोंड उघडायच्या आत हेल्मेट उचललं. त्यानं तोंड उघडू नये म्हणूनच उचललं. तुझ्यासाठी नव्हे.

पडताना तो म्हणाला, "योग्या, अरे तू..." पुढचं रक्तात गेलं.

अजूनही त्यानं माझं नाव घेतलेलं नाही. पोलिसांना म्हणाला, गाडीवरनं पडलो. आज चार वाजता त्याला इथल्या दवाखान्यातनं सोडणार आहेत आणि गेटासमोर बसवेश पोरं घेऊन उभा आहे. त्यांना अजून पुरेसं झालेलं नाही. एकानं मलाही फोन केला, "येतोस का, पहिला हात तुझा होता."

सव्वातीन झालेत. येतो म्हणालोय. बसवेशपुढं उभं राहून त्याला सांगणार, चारच धरा असं मी म्हणालो. मार खाताना हात वर उचलणार नाही असं वचन देत नाही, मला माझा स्वभाव माहीत आहे. पण उत्कर्ष त्या गेटातनं चालत घरी जाईल.

तू माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. तुझ्या मनातलं आता मला विचारायचं नाही.

पाकीट वाटेतच पेटीत टाकतो. हेल्मेट इथंच ठेवलंय. आता उठतो, दार ओढून घेतो.

तुझा म्हणवत नाही,
योगीराज