एका दिव्याचं ठेसन

आश्विन शुद्ध ५, सन १९३१

परत तेच! थोरला भाऊ धुळादादा म्हणतो, येडू, धनगराच्या पोरानं मेंढरामागं चालावं, रेल्वे कंपनीच्या दिव्यात तेल घालून काय मिळतं? मिळतं की! मंगळवेढ्याच्या रानात पाय चालतात, माणूस तिथंच राहतो. इथं सोलापूरच्या अलीकडल्या या लहान ठेसनावर दिवस मावळला की मी सिग्नलच्या खांबावर चढतो, दिवा लावतो. खाली रान निळं होत जातं. लांबून गाडी येते — कुणी उजेडाची माळ ओढत आणतंय असं वाटतं. माझा लाल दिवा बघून थांबते. एवढी मोठी गाडी, माझ्यासाठी!

शुद्ध ७

कंपनीचे साहेब ठेसन तपासायला आले. रुळांचे सांधे बदलणारा आमचा म्हातारा सांधेवाला निंगप्पा बोललाच — "सायेब, अजून एक दिवा द्या. लांब, आदीच. डायवरला येळंवर कळंल." साहेब म्हणाले, "खर्च कोण करणार? तू?" "करतो की. पगार वाडवा." साहेबसुद्धा हसले. दिवा मात्र नाही.

शुद्ध ९

खंडेनवमी. निंगप्पानं आपल्या झेंड्यांची पूजा केली. मी खांबावर चढलो. आमच्यात भंडारा लावताना हात आखडत नाहीत — मूठभर लावला काचेला. सोन्याचा दिसला दिवा! खाली उतरावंसं वाटेना.

दशमी

काल दिवेलागणीची पॅसेंजर थांबली नाही.

शुद्ध १२

तेलकट काचेवर हळद बसली. ड्रायव्हरला लाल दिसलंच नाही. पुढं मालगाडी उभी. निंगप्पा हातबत्ती हलवत गाडीसमोर धावला. ब्रेक लागले, धडक हलकी बसली. उतारू वाचले. निंगप्पा नाही.

साहेबांनी लिहिलं — दिवा तपासणं सांधेवाल्याचं काम, तपासला नाही, चूक निंगप्पाची. म्हणजे त्याच्या बायकोला कंपनी छदाम देणार नाही. चन्नम्मा रडली नाही. म्हणाली, "आमच्या मानसाचं चुकत नव्हतं की रे, येडू."

पौर्णिमा

सांगितलं! भंडारा मी लावला म्हणून. साहेब म्हणाले, "कागद वर गेला. आता हळद लिहायची, तर एकच दिवा का, तेही लिहावं लागेल. जा, दिवा लाव."

लावला. चांदणं पिठासारखं पडलं होतं. गाडी आली, थांबली. खिडक्याखिडक्यांत माणसं — कुणी पेंगतंय, कुणी लेकराला थोपटतंय. वर कोण बसलंय, कुणाला ठाऊक? मी बघतच राहिलो.

कार्तिक शुद्ध २

धुळादादाला कळवलं होतं, माझ्या वाटणीची सगळी मेंढरं वीक. त्यानं विकली. चन्नम्मा अक्कलकोटला भावाकडं गेली आहे. तिच्या नावानं मनीऑर्डर — बावन्न रुपये.