द्राक्षगर्भाचे दिवस

७ नोव्हें. २००५, सोम., दिग्रस
सकाळपासून पाच उलट्या. तिसरा तास सोडून स्टाफरूममध्ये पडून राहिले, आठवी ब बोंबलत बसली. सासूबाई (यापुढे सा.) खूश आहेत. उलट्या जितक्या जास्त तितकं मूल ठणठणीत, हे त्यांचं शास्त्र. तिसराच महिना, पण पोट पाचव्यासारखं दिसतंय. परकराची गाठ रोज पुढे सरकते.
तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हा नियम फक्त मला. सा. शेजारच्या काकूंना हळूच म्हणाल्या, "जुळं असन." हळूच म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत.

१० नोव्हें., गुरु.
इथल्या डॉक्टरांनी दुसऱ्या महिन्यातच सोनोग्राफी सांगितली होती. अ.ला (नवरा. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही) म्हटलं, यवतमाळला जाऊ. तो आईच्या तोंडाकडे बघतो. सा.चं म्हणणं, चोरचोळी झाल्याशिवाय मशीन लावायची नाही. तिसऱ्या महिन्यात गुपचूप हिरवी चोळी द्यायची, ओटी भरायची, मग काय ते तपासा. ती गेल्या आठवड्यातच व्हायची होती, पण भावकीत कुणी वारलं आणि दहा दिवस सुतक लागलं. म्हणजे ज्या म्हाताऱ्याला मी लग्नात एकदा पाहिलं, त्यानं मरून माझी तपासणी अडवली.
अ. म्हणे, "आठ दिवसानं काय फरक पडते?" तालुक्याच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या घरातल्या आत्महत्यांचे कागद रंगवतो, सरकारी मदतीला पात्र की अपात्र ठरवतो. स्वतःच्या घरात मात्र तोंडाला कुलूप.

१६ नोव्हें., बुध., यवतमाळ, दवाखाना
काल फळ्यापाशी उभी असताना रक्त सुरू झालं. साडी भिजली. हेडमास्तरांनी जीप बोलावली, अ. ऑफिसातून पळत आला. बाजाराबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग, माणसं तीन-तीन दिवस गाड्यांखाली झोपून. जीप पाऊण तास अडकली. अ. खाली उतरून कुणाला तरी साहेबी आवाजात बोलत होता, कोणी हलेना. मग एका गाडीवाल्यानं आत डोकावून माझ्याकडे पाहिलं, आणखी चौघांना बोलावलं, भरलेली गाडी ढकलून बाजूला घेतली. परक्या माणसाला जे दिसलं ते घरच्यांना महिनाभर दिसत नव्हतं.
डॉ. मॅडमनी मशीन लावली. मी विचारलं, पडलं का?
म्हणाल्या, "पडायला बाळ नव्हतंच."
द्राक्षगर्भ. बाळाला पोसणारी वार बिघडते, तिचेच पाण्याच्या फोडांचे घड होतात, बाळ धरतच नाही. उलट्या, फुगलेलं पोट, वाढलेलं बीपी, सगळं त्याचंच. क्वचित होतं म्हणाल्या. माझ्याच वाट्याला यायचं होतं. महिनाभर आधी आणलं असतं तर इतकं रक्त गेलं नसतं, हे त्या अ.कडे बघून बोलल्या. त्याची मान खाली गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१९ नोव्हें., शनि.
घरी आले. पोट साफ केलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. प्रकरण संपलं असं मला वाटत होतं. संपलेलं नाही.
मॅडमनी नीट समजावलं. गरोदरपणात रक्तात जे हार्मोन असतं, ते आता शून्यावर यायला हवं. दर आठवड्याला तपासायचं. उतरायचं थांबलं किंवा वर गेलं तर आजार आत राहिलाय, कॅन्सरसारखा पसरू शकतो, मग नागपूरला इंजेक्शनं. त्यानं बरा होतो, पण वेळेत कळला तर. आणि वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत. मुलामुळेही तेच हार्मोन वाढतं, मग आत आजार आहे की मूल, रक्तावरून कळत नाही.
एसटीत अ. म्हणाला, "आईले पडलं एवढंच सांगू. तो कॅन्सर शब्द नको काढू." मी हो म्हटलं. अशक्तपणा होता, भांडायचा जोर नव्हता. पण हा मूर्खपणा दोघांचा, त्याच्या एकट्याच्या नावावर टाकता यायचा नाही.

१२ डिसें., सोम.
रक्त यवतमाळला द्यायचं, ते मुंबईला जातं, रिपोर्ट पाच-सहा दिवसांनी. आकडा लाखावरून हजारांत आला. मॅडम खूश.
घरी रोजचा जप, "कूस गरम हाय तवरच दुसरं राह्यलं पाह्यजे." मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, शनिवारचा उपास (माझा, त्यांनी परस्पर बोललेला). शाळेतही बाया विचारतात, काही विशेष? काहीच विशेष नाही, बायांनो. दिवस न राहण्याची गोळी मी खडूच्या डबीत लपवते. तेहेतीस वर्षांची बाई, बारा वर्षं नोकरी, आणि चोरासारखी गोळी गिळते.

१५ जाने. २००६, रवि., संक्रांतीची कर
हे लिहूनच ठेवते, म्हणजे पुढे स्वतःशी खोटं बोलता येणार नाही. गोळ्यांचं पाकीट संपून चार दिवस झाले. इथला मेडिकलवाला अ.चा मामेभाऊ, त्याच्याकडे मागितलं की संध्याकाळपर्यंत सा.ला कळणार. अ.ला सांगितलं होतं यवतमाळहून आण, विसरला. आज दुपारी सा. तीळगूळ वाटायला गेल्या होत्या. अ. म्हणाला, एका वेळेनं काही होत नाही. मी त्याला ढकललं नाही. दोन महिन्यांत कुणी मला नुसता हातसुद्धा लावला नव्हता.

२० जाने., शुक्र.
अ. बाजारातून द्राक्षं घेऊन आला. "मोसमातली पहिली हायेत, खाय." मी नुसती बघत राहिले. दोन मिनिटांनी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, पिशवी उचलून घेऊन गेला. वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर सोपं होतं.

२७ जाने., शुक्र.
दहा दिवस झाले, रिपोर्ट नाही. मागचा आकडा दीडशेच्या आसपास होता. चौकशी केली तर म्हणाले, नमुनाच गहाळ झाला, परत द्या. डोकं फिरलं. मॅडमनी बजावलं होतं, मेडिकलचं लघवी तपासायचं कार्ड वापरायचं नाही, थोडं हार्मोन उरलेलं असलं तरी ते दोन रेघा दाखवतं. तरीही यवतमाळच्या स्टँडजवळून कार्ड घेतलंच. दोन रेघा. येणारच होत्या. मास्तरीण असून हे. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं.

२९ जाने., रवि.
हळदीकुंकू. पंधरा बाया. वाणाचं ताट आणायला देवघरात गेले तर गणपतीपुढे कार्ड. धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, वर अक्षता. कचऱ्यातून काढलं म्हणजे रोज माझा कचरा चाळतात.
बाहेर सा. सगळ्यांना सांगून मोकळ्या. कुणीतरी पेढे मागितले, कुणी माझ्या डोक्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. मी ताट खाली ठेवलं.
"ते लेकरू नाही, आजार हाय. मागच्या खेपेलेही लेकरू नव्हतंच." कॅन्सर हा शब्दही उच्चारला, जितक्या मोठ्यानं येईल तितक्या मोठ्यानं.
बाया उठल्या. दोघी वाण घ्यायला विसरल्या नाहीत. अ. दारात उभा होता, चप्पल घालावी की काढावी हे त्याला ठरवता येत नव्हतं.

३० जाने., सोम.
सा. काल जेवल्या नाहीत. आज सकाळी ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.
"मले काहून नाही सांगतलं?"
मी म्हटलं, तुमच्या मुलाला विचारा. त्या हलल्या नाहीत. मग कणिक मळता मळता, माझ्याकडे न बघता बोलल्या. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनाही तसंच झालं होतं. परातभर फोड पडले. त्यांच्या सासूनं दाईकडून परसात पुरून टाकलं आणि कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली. तीन महिन्यांत अ. राहिला. लगेच दुसरं राहणं हाच इलाज, असं त्यांना तेव्हापासून वाटतंय.
ऐकून माझं मन विरघळायला हवं होतं. उलट रागच आला. म्हणजे पोट असं का फुगतं हे या बाईला माहीत होतं. म्हटलं, "मग जुळं काहून म्हटलं?"
"भेव वाटे मले. म्हणून म्हटलं जुळं."
भाजी करपली.

१० फेब्रु., शुक्र.
मागच्या शुक्रवारी परत दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. आकडा उतरला नाही, चांगला वर गेलाय.
एसटीडी बूथवरून मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, दिवस राहण्याची काही शक्यता? मागे तीन माणसं रांगेत, त्यातला एक माझ्या विद्यार्थ्याचा बाप. हळूच म्हटलं, एकदा. मग म्हणाल्या, सोमवारी या, मशीन लावून बघू. गर्भाची पिशवी दिसली तर एक रस्ता, नाही दिसली तर नागपूर.
अ.ला सांगितलं. रडला. मी त्याची समजूत घातली नाही, मला माझीच पुरेना.

१३ फेब्रु., सोम., यवतमाळ
बाकावर बसून लिहितेय. सहावा नंबर आत. माझा नववा. मशीनसाठी लघवी रोखून धरायची म्हणून लिटरभर पाणी पाजलंय. अ. बाहेर चकरा मारतोय. सा. न विचारता सोबत आल्या, एसटीत खिडकीची जागा मला दिली. आभार मानले नाहीत.
सगळा हिशोब डोक्यात स्वच्छ आहे. आजार निघाला तर इंजेक्शनं, केस जातील, येतील, संपेल. मूल निघालं तर इतक्या लवकर राहिलेलं, ठेवायचं की नाही इथून भांडण, आणि ठेवलं तर नऊ महिने त्याच्या आड आजार वाढतोय की काय, ते रक्त सांगणार नाही. शहाण्या बाईनं आजार मागावा.
सा.नी आत्ता विचारलं, "काय निघालं पाह्यजे वं?"
म्हटलं, आजारच बरा, औषधानं जाते. त्यांनी मान हलवली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.
खोटं बोलले मी. मला मूल हवंय. डोकं नको म्हणतं तरी हवंय, या बाईला हवंय तसंच, तिच्याइतकंच अडाण्यासारखं. हे तिला कधी कळता कामा नये.
सातवा गेला. पोट तट्ट फुगलंय. पाण्यानंच.