वरवंट्यावरची रेघ

२० मे
मला नात झाली! नाक थेट आमच्या घराण्याचं. बाराव्या दिवशी, ३१ ला बारसं, इथेच जयपुरात. सासूबाईंचा वरवंटा ट्रंकेतून काढला. यालाच कुंची घालून पाळण्याच्या वरनं-खालनं फिरवला, तेव्हा माझ्या दर्शनचं नाव ठेवलं. आता त्याच्या लेकीचं. सातारचा काळा दगड, त्याला काय होतंय! मधे एक रेघ दिसते. तडा नव्हे, रेघ.

२१ मे
सून विनया कॉलेजच्या लॅबमध्ये दगड दाबून फोडते. त्याचा पगार देतात म्हणे! खाटेवरूनच म्हणाली, अहो आई, तडाच आहे तो. पाणी शिरलं की हळूहळू पुढे जातो. कोरडा दगड कैक वर्षं टिकतो, ओला लवकर फुटतो. मी म्हटलं, मग नदीतले दगड काय कोरडे असतात? बाळाला घेऊन कुशीवर वळली.

२२ मे
रेघेच्या टोकाला पेन्सिलीने खूण केली. तिची खात्री पटावी म्हणून. आजपासून पाणी बंद.

२४ मे
आंधी आली, घरभर धूळ. धुवावाच लागला. गच्चीत वाळवला. म्हणजे कोरडाच की.

२६ मे
आजही धुतला, जरासाच. रेघ खुणेच्या पुढे दिसते. पेन्सिलीची खूण, मागे सरकली असणार. काजळाने नवी केली.

२७ मे
भाजीवाला भैया म्हणाला, माताजी, चारदीवारी से नया सिलबट्टा ले आओ. म्हणे जुन्या शहरातून नवा पाटा-वरवंटा आणा! त्याच्याकडून भेंडी बंद.

२९ मे
बसवत नाही, उठून उठून चेक करते. रेघ मागच्या बाजूनेही निघाली. बरंच झालं, जोर दोन्हीकडे वाटला जाईल. विनया म्हणाली, फुटका दगड बाळावरून जाऊ देणार नाही. दर्शन म्हणाला, आई, लाटणं घेऊ. मी म्हटलं, बारसं आहे की पोळ्या?

३१ मे, दुपार
शेवटचं म्हणून धुऊन गच्चीत ठेवला होता. इतका तापला की हात लावेना. गार व्हावा म्हणून माठातलं पाणी ओतलं.
टक्.

३१ मे, संध्याकाळ
नाव गौतमी. लाटण्याला कुंची छान दिसली, खोटं कशाला लिहू. विनया एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
दोन्ही तुकडे कोरड्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. आता पाण्याचा थेंब लागू देणार नाही.