एका हाकेला

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि बोलायला बसले तर विषय कोर्टाचाच निघाला. आपल्या घराला शोभतंय ते. मी वकील झाले. आता उच्च न्यायालयात एखाद्या न्यायमूर्तींच्या हाताखाली वर्षभर काम करायचं, त्यांच्यासाठी फायली वाचायच्या, जुने निकाल शोधायचे, टिपणं काढायची, असा अर्ज भरला. त्यात विचारलं होतं, पहिली पसंती कुठली? मुंबई, नागपूर की संभाजीनगर, म्हणजे तुमचं औरंगाबाद. एवढ्या एका प्रश्नापायी डोकं फिरायची वेळ आली. कॉलेजातले सर म्हणाले, "मुंबईच टाक. तिथे वर्ष काढलंस की पुढे मागे वळून बघायला नको." आई म्हणायची, "मुंबईले जाय." कारण विचारलं की भांडी जोरात घासायला लागायची.

धुळ्याच्या कोर्टात तुम्ही दारावर शिपाई होतात, आणि पुकारा करायचं काम तुमचं. सुट्टीत मी डबा घेऊन यायचे आणि लिंबाखाली उभी राहून ऐकायचे. घरी मीठ मागायचं तरी पुटपुटणारा माणूस तुम्ही, पण तिथे बाहेर येऊन नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि शेवटी असं लांबवून "हाऽजिर" म्हणायचात की ज्यांचं नाव नसेल तीही माणसं सावरून बसायची. तीनदा हाक, मग आत. एकदा तुम्ही हाक मारली तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "अहो, ते तर मागच्या पोळ्यालाच वारले." तरी तुम्ही उरलेल्या दोन हाका मारल्याच. जेवताना मी विचारलं, मेलेल्या माणसाला कशाला बोलावलंत? तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "कागदावर जिवंत होता. आणि हाक मारायला आपलं काय जातं बाई? भीती ओ देणाऱ्याला." मला हसू आलं होतं. आता येत नाही.

घरात मात्र तुमचा वेगळाच कायदा. एका हाकेला ओ द्यायचा नाही. जिवंत माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो, ज्याला आपल्याला न्यायचं असतं तो एकदाच. म्हणून तुम्ही स्वतः मला कायम दोनदा हाक मारायचात. ती सवय अंगात इतकी मुरली की इथे जळगावला राहायला आल्यावर तोंडी परीक्षेत बाईंनी एकदाच नाव घेतलं आणि मी ढिम्म बसून राहिले. "बहिरी आहेस का गं?" असं सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. काय सांगणार होते त्यांना, की बाई, तुम्ही जिवंत आहात याची खात्री करत होते?

आता मुद्द्याचं. परवा भर दुपारी अर्ज उघडून बसलेय. गल्लीत चिटपाखरू नाही, जळगावचं ऊन तुम्हाला सांगायला नको. वीज गेली, कुलर घरघरत थांबला, आणि त्या शांततेत बाहेरून हाक येते. माझं नाव, मधे तुमचं, मग आडनाव. शेवटचं अक्षर लांबवलेलं. एकदाच. उन्हाचा भास असेल, असं मी मनाला बजावतेय, तोच स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "ओ."

मी आत गेले. ती गहू निवडत होती, मान वर न करता. म्हटलं, "आई, कोणाला ओ दिलास?" तर म्हणते कशी, "तुना नाना तुले बलावतस. तू ध्यान देऊ नको. मी देस ना ओ." आणि सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. मी ओरडलेच, "कधीपासून चाललंय हे?" ती म्हणाली, "माले कोठे जानं शे आते? तुले जानं शे. मुंबईले जाय, दूर."

नाना, मला तुमचा राग आला. तुमची आठवण येते, रडू येतं, ते सगळं खरं. पण राग आला. लेकीला हाक मारता आणि बायको तिच्या नावावर हजर होते, आणि तुम्हाला चालतं? ती अलीकडे वाळत चाललीय. जेवण अर्धं टाकून उठते, दाराकडे कान लावून बसते. डॉक्टर म्हणतात, वय झालं.

काल मी पहिली पसंती संभाजीनगर टाकली आणि अर्ज पाठवून दिला. आईला सांगितलं, आपल्या जळगाव-धुळ्याची अपिलं तिथेच जातात, ओळखीचा मुलूख बरा. ती माझ्याशी बोलत नाहीये. सरही म्हणाले, वेडी आहेस. असेन. पण तिथून शनिवारी एसटीत बसलं की अजिंठ्याचा घाट उतरून, पहूर मागे टाकून घरी येता येतं, आणि खोली मिळाली की तिला नेताही येईल. मुंबईला ती यायची नाही.

हे तुमच्या फोटोपुढे वाचून दाखवणार होते. नाही वाचत. मोठ्यानं वाचलं तर आईच्या कानावर जाईल, आणि तुमच्याही. मी जवळचं गाव निवडलं ते तुमच्या कोर्टाच्या मायेपोटी नाही, नाना. आईला तुमच्यापाशी एकटं सोडायची मला भीती वाटते.