सीहॅमला काच वेचायला

सीहॅम, ४ ऑक्टोबर २००४

चि. क्लिफर्ड यास,
थेल्मा आत्याचे आशीर्वाद, आणि थोडी बोलणीही. तुझी बायको काल सुखरूप पोचली. तिच्या बॅगेत तीन छत्र्या निघाल्या. अरे, इथल्या वाऱ्यात छत्री उघडणारा माणूस थेट समुद्रापलीकडे डेन्मार्कला पोचतो! लहानपणी दर सुटीत इथे येऊन एवढंही लक्षात राहिलं नाही तुझ्या?

एव्हरिल बोलते. विचारलं की उत्तर देते, कपबशी विसळून ठेवते. पण तिच्याकडे बघितलं की वाटतं, घरात दिवे चालू आहेत आणि माणसं कुठेतरी निघून गेली आहेत. जनीनला जाऊन चार महिने झाले. सव्वीस वर्षांची लेक दम्याच्या एका झटक्यात जाते, त्यावर मी म्हातारीने काय शहाणपण सांगायचं? सांगत नाही. उद्यापासून ओहोटीच्या वेळी तिला काच वेचायला नेईन. वाकायला लागलं की माणसाला निदान आपली कंबर तरी आठवते.

तू पोटभर जेव. आत्याची आठवण असू दे, आणि आठवण आली की लिहीत जा.

तुझी
थेल्मा आत्या

—

सीहॅम, ८ ऑक्टोबर

प्रिय क्लिफ,
मी ठीक आहे, तूही असशील. फोनवर आपण दोघं नुसते एकमेकांचे श्वास ऐकत बसतो, म्हणून लिहिते.

आत्या मला रोज किनाऱ्यावर नेतात. वाटेत बाटल्यांच्या जुन्या कारखान्याची गोष्ट सांगतात, उरलेली काच कशी समुद्रात ढकलून द्यायचे ती. तुला पाठच असेल. मला पहिल्या दिवशी सांगितली, दुसऱ्या दिवशीही सांगितली. मी दोन्ही वेळा ऐकली. लाटांनी घासून खड्यांसारखी गुळगुळीत झालेली पांढरी आणि हिरवी काच खूप मिळते. निळी कमी. काल डार्लिंग्टनहून आलेल्या एका बाईला लाल मिळाली. ती इतकी हरखली की तिने मलाच मिठी मारली. मी तिच्या पाठीवर थोपटलं, फारच सुंदर आहे, असंही म्हणाले. हे सगळं मी केलं, क्लिफ, पण रस्त्याच्या पलीकडून कोणीतरी दुसरीच बाई करताना बघावं तसं.

आत्यांनी मला एक बरणी दिली आहे. ती भरत चालली आहे. त्यातल्या एकाही तुकड्याचं मला काही वाटत नाही. आत्यांनी विचारलं, जेवण आवडलं का. मी हो म्हणाले. काय जेवलो ते नंतर आठवेना.

काळजी करू नकोस. माया आहे तशी असू दे.

एव्हरिल

—

हॅलिफॅक्स, १२ ऑक्टोबर

प्रिय एव्हरिल,
पत्र मिळालं. मला पत्र लिहिता येत नाही, हे तुला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. तेव्हा हसायचीस.

छपराच्या पन्हळी साफ केल्या. शेजारच्या अ‍ॅक्रॉइडबाई स्टू आणून देतात आणि मी संपवेपर्यंत उभ्या राहतात. काल म्हणाल्या, क्लिफर्ड, तुझी विजार कोणत्याही क्षणी दगा देईल. पट्ट्याला नवीन भोक पाडलं.

शनिवारी लीड्सला गेलो होतो, जनीनच्या खोलीतलं सामान आणायला. घरमालकाने पुन्हा निरोप ठेवला होता. किल्ली कुलपात फिरली. दार मात्र मी उघडलं नाही. जिन्यात थोडा वेळ बसलो आणि परत आलो. तुला सांगणार नव्हतो.

थांबायचं तेवढं थांब. आत्याला नमस्कार. घराकडे मन असू दे.

तुझा
क्लिफ

—

सीहॅम, १६ ऑक्टोबर

प्रिय क्लिफ,
विशेष काही नाही. काल वारा फार होता. माझे बूट भिजले, म्हणून आज घरातच आहे. आत्यांनी त्यात वर्तमानपत्रं कोंबून ठेवली आहेत. सामान राहू दे तसंच.

एव्हरिल

—

सीहॅम, १६ ऑक्टोबर

चि. क्लिफर्ड,
आशीर्वाद तुला नेहमीच आहेत, आज मात्र मुद्द्याचं लिहिते. ही म्हणाली, बूट भिजले असं कळवलंय. बूट नाही, पोरा. काल ती कोट घालूनच पाण्यात चालत गेली.

वादळ नुकतं ओसरलं होतं, म्हणून आम्ही गेलो. मी गोट्यांवर बसून थर्मास उघडत होते. वर बघते तर ही कमरेइतक्या पाण्यात, आणि चालतेच आहे, बसस्टॉपवर निघाल्यासारखी. मी ओरडले. वळून बघितलं नाही. माझे हे गुडघे, मी काय धावणार? कुत्रा फिरवायला आलेला एक माणूस बुटांसकट आत शिरला आणि तिला काखेत धरून घेऊन आला. भला माणूस. नावही न सांगता गेला, वर मलाच म्हणाला, आजी, तुम्ही थरथरताय, घरी जा.

ही म्हणाली, निळी दिसली होती. मी तिची मूठ उघडून बघितली. रिकामी. घरी आणून शेगडीपुढे बसवली, कपडे काढले, पाय चोळले. तळवे मेणासारखे झाले होते. मी विचारलं, एव्हरिल, परत यायचं नव्हतं का गं तुला? तिने खरंच विचार केला, आणि म्हणाली, आत्या, मला माहीत नाही, मला गार लागत नव्हतं, एवढंच आठवतं.

हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, आणि तुला लिहितेय हे तिच्यापासूनही लपवलेलं नाही. आज डॉक्टर येऊन तिला बघून गेले, तिकडच्या डॉक्टरांनाही कळवतो म्हणाले. ती झोपते तेव्हा मी दाराशी खुर्ची टाकून बसते. पण मी आत्या आहे, क्लिफर्ड. नवरा तू आहेस. जिन्यात बसलास ते तिने मला वाचून दाखवलं. तू तिथे जिन्यात, ही इथे पाण्यात. एका जागी बसा आता.

वाट बघते.

आत्या

—

हॅलिफॅक्स, १९ ऑक्टोबर

आत्या,
नमस्कार. फोनवर बोललोच, तरी लिहून ठेवतो, म्हणजे माझं मलाच फिरवता येणार नाही. शनिवारी गाडी घेऊन येतो. तोवर तिला सोडू नकोस.

तुझा
क्लिफर्ड

—

हॅलिफॅक्स, २५ ऑक्टोबर

ती. थेल्मा आत्यांस,
एव्हरिलचा नमस्कार. काल रात्री पोचलो. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या दारातून निघालो ते वेदरबीपर्यंत मी नुसत्या पाट्या वाचत होते. तिथे क्लिफचं वळण चुकलं. मी म्हणाले, चुकलं. तो म्हणाला, नाही चुकलं. पुढची पाटी आली, ती भलत्याच गावाची. मी म्हणाले, तुला कधी ऐकूच येत नाही. आणि आत्या, मग माझा आवाज चढला तो मला आवरेना.

जनीन गेली त्या संध्याकाळी तिचा फोन आला होता. मी अंघोळीच्या टबात होते. क्लिफने घेतला आणि मला दिला नाही. आम्ही दोघं हे जाणून होतो, पण एकदाही त्यावर बोललो नव्हतो. काल मी ओरडले, की मला हाक का मारली नाहीस, टॉवेल गुंडाळून आले असते, ओली आले असते, तू कोण ठरवणारा!

त्याने गाडी कडेला घेतली. वाटलं, आता नेहमीसारखा गप्प बसेल. तोही ओरडला. एवढा मोठा आवाज आहे त्याला, मला माहीत नव्हतं. म्हणाला, तीच नको म्हणाली. म्हणाली, मम्मी दिवसभर दुकानात उभी असेल, डुंबू दे तिला जरा. काही मोठं नव्हतं, एव्हरिल, वाळलेले मटार आणले होते तिने, ते किती वेळ भिजत घालायचे एवढंच विचारत होती. मला कुठे ठाऊक असणार! मी म्हणालो, उद्या मम्मीला विचार.

शेजारून लॉऱ्या जात होत्या, प्रत्येक लॉरीला आमची गाडी हलत होती. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. राग मात्र होता, पुष्कळ, आणि तो माझाच होता. तुमच्याकडे असताना तोही नव्हता.

उद्या डॉक्टरांकडे जायचं आहे, क्लिफ बरोबर येणार आहे. तुमच्या गुडघ्यांना जपा, आणि मी दिलेल्या त्रासासकट मला आपली म्हणत राहा.

पुढचं सांगायचं राहिलंच. बऱ्याच वेळाने मी म्हणाले, रात्रभर. त्याने विचारलं, काय रात्रभर? मी म्हणाले, मटार. उकळत्या पाण्यात घालायचे, चमचाभर सोडा टाकायचा, रात्रभर झाकून ठेवायचे आणि सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. तो म्हणाला, परत सांग. मी परत सांगितलं.

तुमची
एव्हरिल