पतंगवाली कंपनी आणि आमच्या कन्येची कात्री

चि. मेहुणे यांस, तुझ्या एकुलत्या एका आणि आता इंटरनेटधारक झालेल्या भाऊजींचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत आहोत, तुझ्या बहिणीचा गुडघा सोडला तर. तो नेमका पाहुणे येणार असले की दुखतो (हे वाक्य तिला वाचून दाखवू नकोस). तुझी पाठ कशी आहे? दिवसभर फोनच्या दुकानात मान खाली घालून बसल्यावर पाठ कुरकुरणारच. केस कुणाकडे कापतोस ते मी विचारत नाही. मागच्या भेटीत पाहिले, तेवढं दुःख पुरे. आता, घरात चांगला फोन असताना मी पत्र का लिहितो, असं तुझ्या मनात येईल. फोनवर माणूस मधेच बोलतो. पत्रात तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

तू स्वतः फोनच्या धंद्यात असून तुला न विचारता मी फोन घेतला, याचा तुला राग आला असेल. यायलाच हवा. पण भाऊजींच्या हातात बटणांचाच फोन शोभतो असं तू चारचौघांत म्हणाला होतास, आणि त्यावर तुझी बहीण सगळ्यांत मोठ्याने हसली होती. ज्या हाताने इतकी वर्षं लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला त्या हाताला काचेवरून बोट फिरवणं जड जाईल का? मी तेव्हाच ठरवलं होतं, फोन घेईन तो स्वतःच्या अकलेने घेईन. निमित्त तुला ठाऊक आहेच. आपल्या कन्येने केस कापण्याच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठली. आत फक्त स्पर्धक, परीक्षक आणि ज्यांचे केस कापायचे ते. घरच्यांना बाहेरसुद्धा उभं करत नाहीत. पण सगळं इंटरनेटवर थेट दाखवणार होते. या मुलीला मी मधल्या खुर्चीमागे स्टुलावर उभं करून कात्री धरायला शिकवलं. त्या दिवशी मला तिचे हात बघायचे होते. बाकी परीक्षक वगैरे काय म्हणतात ते त्यांचं त्यांनी बघावं.

पहिला प्रश्न सिमकार्डाच्या कंपनीचा. घंटावाली घ्यावी की पतंगवाली? माझा कल पहिल्यापासून पतंगवालीकडे होता. दुकानासमोर तिची मोठी पाटी आहे आणि त्या पाटीवरच्या माणसाचे कल्ले दोन्हीकडे अगदी सारखे आहेत. असा कारागीर जी कंपनी शोधून काढते ती टॉवरसुद्धा बघूनच उभारत असणार. तरी मी मनमानी करणारा माणूस नाही. मी जनमत घेतलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, फेस लावून झाला, वस्तरा गालावरून गळ्याकडे उतरला, की मी विचारायचो, पतंगवाली चांगलीच आहे, नाही का? तुला सांगतो, एकाने विरोध केला नाही. एरवी ही माणसं हवामानावरून भांडतात, पण पतंगवालीबद्दल सगळ्यांचं एकमत. काहींच्या तोंडावर गरम टॉवेल होता, त्यांचं मौन मी संमतीत धरलं.

मग फोन. इथल्या दुकानातला विक्रेता मला मेमरी, प्रोसेसर असलं काहीबाही सांगत होता. मी त्याला सरळ म्हटलं, प्रत्येक फोनवर मला एका बाईचं डोकं दाखव, मागच्या बाजूने. एका फोनवर काळे केस तपकिरी दिसत होते, तो बाद. एकावर केसांची टोकं एकमेकांत मिसळून नुसतं गाठोडं दिसत होतं, तोही बाद. तिसऱ्यावर बट आणि बट वेगळी दिसली, तोच घेतला (पहिल्या दोन्हींच्या किमती ऐकून मी नाक मुरडलं हे तुझ्या बहिणीला ठाऊक नाही, आणि तिसरा त्यांहून महाग होता हेही). मधल्या वेळात त्या विक्रेत्याचा डावा कल्ला उजव्यापेक्षा खाली आलेला मला बघवेना. कागद कापायची कात्री घेऊन तिथल्या तिथे सारखा करून दिला. त्याने खूश होऊन कव्हर फुकट दिलं. तू कधी कुणाला कव्हर फुकट दिलं आहेस का?

आता रेंजबद्दल लोक तुला काहीतरी भलतंच सांगतील, म्हणून मीच खरं सांगतो. आमचं सलून रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली, त्यात दोन्ही भिंतींना आरसे. तिथे पतंगवाली येत नाही. पायरीवर उभं राहिलं की थोडी येते आणि विजेच्या खांबाला खेटून उभं राहिलं की भरपूर येते. मी आमच्याकडे दाढीला येणाऱ्या चित्रकलेच्या मास्तरांना जाब विचारला, कारण कंपनीचं कौतुक त्यांनीच सगळ्यांत जास्त केलं होतं. त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. घंटावालीचा, आणि दुकानाच्या पार कोपऱ्यातही धो धो चालणारा.

“मग त्या दिवशी हो का म्हणालात?” मी विचारलं.

“त्या दिवशी वस्तरा गळ्याशी होता,” मास्तर म्हणाले. “तुम्ही विचारलं असतंत तर मी फोनसुद्धा तुम्हाला देऊन टाकला असता.”

मास्तरांना विनोदाची सवय आहे. मी मनावर घेतलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मी खांबाशी जाऊन उभा राहिलो. माझ्यामागून सगळी गिऱ्हाईकं वर आली, कुणाच्या गळ्यात पांढरं कापड, कुणाच्या एका गालावर फेस. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. मास्तर स्वतःचा फोन काढायला लागले तर मी त्यांना अडवलं. बाप इथे उभा असताना दुसऱ्याच्या फोनवर का बघायचं? उन्हामुळे काचेवर माझ्याशिवाय कुणाला काही दिसत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने सांगत होतो. आता मानेवरचे घेतले. आता कानामागे आली. आता टोकं जुळवते आहे, बघा, घाई नाही. लोक इतके रंगले की फेस वाळला तरी कुणाचं लक्ष नव्हतं. आपली पोर दुसरी आली, मेहुणे! पहिल्या आलेल्या मुलाबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण त्याच्या वाट्याला केसच चांगले आले होते. ऊर भरून येणं म्हणजे काय ते मला त्या खांबाशी कळलं. तुझी बहीण धास्तीने घरी डोळे मिटून बसली होती. संध्याकाळी मी तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, दोनदा.

सारांश, फोन उत्तम, कंपनी उत्तम, निवड माझी. घरच्या सगळ्यांना माझा नमस्कार-आशीर्वाद ज्याचा त्याला वाटून दे.

तुझा,
भाऊजी

ता. क. या फोनला बसणारी, खांबाला वर बांधायची दोरी तुझ्याकडे असली तर पाठव. खांबाशी वारा असतो.

आणखी एक. हे तुझ्या बहिणीला कळता कामा नये. त्या दिवशी पोर आत आली, तिने कंगवा बाहीला पुसला, कात्री उचलली, आणि चित्र थांबलं ते थांबलंच. मध्ये नुसतं एक चाक फिरत होतं. मागे सगळे उभे. ज्यांच्याकडून मी कंपनी मान्य करून घेतली होती त्यांच्याच पुढे, मास्तर, तुमचा फोन द्या, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? म्हणून मी थांबलेल्या चित्राकडे बघत सांगत राहिलो. मी जसे कापले असते तसे सांगितले. निकाल मला पोरीच्या फोनवरून कळला. ते चित्रण आता पुन्हा लावता येत नाही, माझं लावून बघून झालं.

खरी अडचण पुढे आहे. तिने विचारलं, “बाबा, शेवटी मी केलं ते पाहिलंत ना?” मी म्हटलं, पाहिलं. ती म्हणाली, “मला वाटलं तुम्ही रागवाल. तुम्ही असं कधीच केलं नसतंत.” मी म्हटलं, अगं, मला तेच सगळ्यांत आवडलं. ती फोनवर रडायला लागली.

येत्या रविवारी ती घरी येते आहे, आणि खुर्चीत मला बसवून तेच माझ्या डोक्यावर करून दाखवणार आहे म्हणते. तू त्या दिवशी दुकानातल्या सगळ्या फोनांवर ती स्पर्धा एकदम लावून बघितलीस म्हणे. तेव्हा रविवारच्या आत उलट टपाली कळव. हात कुठे चुकला असला तर तेही लिही. तिने कात्री उचलली इथपर्यंत मला ठाऊक आहे. तिथून पुढे लिही.