ओतून टाकलेली नळी

४ मार्च
"बेडूक चुकत नाही गं, आपण चुकतो." एकवीस वर्षांपूर्वीचं ताईचं वाक्य, आज सकाळपासून डोक्यात. ताई म्हणजे प्रयोगशाळेतली माझी सीनियर. टेबल एक, डबा एक.

निकाल आला! ओढ्यातल्या त्या पिटुकल्या बेडकाच्या मायटोकॉन्ड्रियातलं डीएनएचं कडं पूर्ण वाचून झालं. सदतीस जनुकं, सगळी जागच्या जागी – फक्त दोन शेजाऱ्यांनी जागा बदललेल्या. या कुळात हे कुणीच नोंदवलेलं नाही. तीनदा तपासलं. मग खुर्चीत बसून उगाच हसत राहिले.

५ मार्च
लेकीला सांगितलं. म्हणाली, "बेडकाने दोन कप्पे बदलले, एवढंच ना? मी कपाट आवरलं तर तू बघतही नाहीस."
"आवरलंस कधी?"

मग समजावलं. कडं स्वतःची नक्कल करताना कधी अडखळतं, एखादा तुकडा दोनदा उतरतो. त्यातल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती होतात. पिढ्यान्‌पिढ्या जादा प्रत मोडत जाते. एकाची पहिली मोडली, दुसऱ्याची दुसरी, की क्रम उलटा.
"मग मोडक्या प्रतीचं काही उरलंय का?"
नेमका प्रश्न. पोरगी माझीच.

७ मार्च
विभागप्रमुख म्हणाले, "संगणकाने तुकडे चुकीचे जोडले असतील. एवढ्यात नाचू नका." बरोबर आहे त्यांचं. दुसरा बेडूक, नवा नमुना, सगळं पहिल्यापासून.

१५ मार्च
तोच क्रम. आणि मध्ये मोडक्या प्रतीचा अवशेष, अर्धामुर्धा पण ओळखू येणारा. विभागप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "लिहायला घ्या," एवढंच. घरी येताना दोन स्टॉप आधी उतरले, चालत आले. पाय थांबतच नव्हते आज.

१६ मार्च
या ओढ्यातला पहिला नमुना कधीचा, हे लेखात हवं म्हणून जुन्या वह्या काढल्या.

ताईचं अक्षर. तोच ओढा, तोच बेडूक. "तुकडा अपेक्षेपेक्षा लांब. दोन जनुकं उलटी?" त्याखाली लाल शाईत माझं अक्षर – "नमुना खराब. टाकला."

आठवलं. ताई रजेवर होती. इतर बेडकांशी ताडून पाहिलं, जुळेना. शहाणपणाने मीच नमुन्याची नळी बेसिनमध्ये ओतली. परत आल्यावर रागावली नाही, ते बेडकाचं वाक्य तेवढं बोलली. सहा महिन्यांनी पीएचडी अर्धवट सोडून गेली. आता शाळेत विज्ञान शिकवते. का सोडलंस, हे मी कधी विचारलं नाही.

१७ मार्च
लेखाची एकही ओळ लिहिली नाही. पण तिच्या त्या प्रश्नचिन्हाकडे बघत बसले. हाताशी डीएनएचा एक धूसर तुकडा, आणि बाईने बरोबर ओळखलं होतं! काल-परवा स्वतःचाही एवढा अभिमान वाटला नव्हता.

१८ मार्च
वहीच्या पानाचा फोटो ताईला पाठवला, लाल ओळीसकट. खाली लिहिलं, "बेडूक चुकला नव्हता, मी चुकले. लेखावर पहिलं नाव तुझं लावू दे." नाहीच म्हणेल. "वेडी आहेस का गं," म्हणेल आणि मुलांचे पेपर तपासायला बसेल. तरी पुन्हा लिहिलं – लावू दे ना, ताई.